दोर, वजन आणि चष्म्याचा नंबर

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी कल्याणहून भाचीचा फोन आला. सलाम झाला, घरच्यांची विचारपूस झाली आणि मग एकदम तिनं विचारलं, "खाला, तुमच्या कर्जतला बंजी जम्पिंग आहे म्हणे. तुम्ही पाहिलंय का?"

मी नेरळला राहते. पण कल्याण-मुंब्र्याच्या लोकांसाठी नेरळपासून खोपोलीपर्यंत सगळं 'कर्जत'च. शनिवार-रविवारच्या लोकलमधून पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मुलं आमच्याकडे उतरतात, डोंगरात शिरतात आणि संध्याकाळी चिखलानं माखून परत जातात. त्यांतली किती मुलं घरी सांगून आलेली असतात हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून नेहमी पडतो. आता तोच प्रश्न माझ्या घरात आला होता.

भाची वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मैत्रिणींबरोबर वाढदिवसाला उडी मारायची असं ठरलं होतं. तिनं मला एक फोटो पाठवला. खोल हिरवी दरी, खाली नदी, पुढे आलेला लोखंडी सज्जा आणि पायांना दोर बांधून उलटा लटकलेला एक मुलगा. खाली कर्जतजवळच्या एका कॅम्पचा फोन नंबर. "फक्त अम्मीला आताच सांगू नका," असंही वर लिहिलेलं.

ते मात्र मला जमणारं नव्हतं. मी तिला सांगितलं, आपापासून मी काही लपवणार नाही, पण 'नाही' म्हणण्याआधी पूर्ण चौकशी करीन. वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. ज्या गोष्टीला आपण कारण न सांगता नाही म्हणतो, ती मुलं चोरून करतात, आणि चोरून करताना सगळ्यात स्वस्त जागा निवडतात.

आपा अर्थातच भडकली. "जीव काय वर आलाय का पोरीचा? पैसे देऊन उलटं टांगून घ्यायचं!" मी म्हटलं, "आपा, आठ दिवस दे मला."

चौकशीत पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तो फोटो आमच्याकडचा नव्हताच. अशी दरी, असा पक्का सज्जा कर्जत-खालापुरात मी कुठे पाहिलेला नाही. त्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बंजी म्हणजे आपल्याकडं जायंट स्विंग आहे, ट्रॅम्पोलिनवाली बंजी आहे, झिपलाइन आहे." म्हणजे नाव एक आणि माल वेगळा.

हे खेळ एकमेकांपासून फार वेगळे आहेत, तेव्हा आधी ते समजून घेऊ. खऱ्या बंजीत उंचावरून मोकळं पडायचं असतं. घोट्यांना रबराचा जाड दोर बांधलेला असतो, तो ताणला जातो, माणसाला अडवतो आणि परत वर खेचतो. जायंट स्विंग म्हणजे मोठा झोका. त्यात दोर ताणला जात नाही, माणूस लंबकासारखा झुलतो. लोणावळ्याजवळ कुणेगावच्या डेला ॲडव्हेंचरमधला 'स्वूप स्विंग' हा त्यातलाच. बंजी ट्रॅम्पोलिन म्हणजे जत्रेत, मॉलमध्ये लहान मुलांना कमरेला दोन्ही बाजूंनी रबर लावून जाळीवर उड्या मारायला लावतात तो प्रकार. झिपलाइन म्हणजे तारेवरून कप्पीनं घसरत जाणं. रॅपलिंगमध्ये दोराच्या आधारानं कडा पायांनी हळूहळू उतरायचा असतो, त्यात पडणं नसतंच. आमच्या भागाची खरी ओळख ही शेवटची. भिवपुरी रोड स्टेशनवर उतरून बेकरे, आषाणे या बाजूच्या धबधब्यांवर रॅपलिंग चालतं, खंडाळ्याच्या नागफणीला दोरावरचे प्रकार चालतात, आणि ढाक बहिरीसारख्या ठिकाणी खरे गिर्यारोहक जातात. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली सुरू झालेलं इमॅजिका आहे, पण तो यंत्रांचा खेळ. तिथं माणसाला बसवून यंत्र फिरवतं, गाठी बांधाव्या लागत नाहीत.

मग खरी बंजी कुठे? पक्क्या सज्जाची, कायमची अशी जागा आमच्या बाजूनं बघितली तर गोव्यात आहे. डिचोली तालुक्यात मये तलावावर गोवा पर्यटन महामंडळाच्या साथीनं २०१९ साली ती सुरू झाली. उंची ५५ मीटर, म्हणजे साधारण अठरा मजले. चालवणारे तेच, जे उत्तराखंडात ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला २०१० पासून ८३ मीटरवरून उड्या मारायला लावतात. ही मंडळी लष्करातून निवृत्त झालेली, आणि ऋषिकेशचा सज्जा न्यूझीलंडच्या तज्ज्ञाकडून बांधून घेतलेला. कर्जतला जाण्याइतकं हे सोपं नाही. गाडीभाडं, मुक्काम, उडीचे काही हजार रुपये. पण तुलना करायची असेल तर याच्याशी करा, एकतीस डिसेंबरच्या कॅम्पात दोन दिवसांसाठी उभ्या केलेल्या क्रेनशी नको.

क्रेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बांधकामाची क्रेन सामान उचलायला बनवलेली असते, माणसांसाठी नव्हे. आज एका मैदानावर, उद्या दुसऱ्या. चालवणारे नवे, जमीन नवी, वारा नवा. २००९ साली बेंगळुरूत क्रेनवरून मारलेल्या अशाच एका उडीत एका तरुणाचा जीव गेला. तात्पुरत्या क्रेनवरून मी माझ्या घरातल्या कोणाला उडी मारू देणार नाही, मग तो कॅम्प कितीही ओळखीचा असो.

भाचीला मी नेरळला बोलावलं. तिला भाषण नको होतं हे मला दिसत होतं, म्हणून मी तिला शाळेत घेऊन गेले. आठवीच्या वर्गाबरोबर एक प्रयोग करायचाच होता.

दुधाच्या पिशव्यांना येतात तसले रबरबँड एकात एक अडकवून साखळी केली. जुन्या प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या पायांना ती बांधली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बाहुली सोडायची आणि खाली एका मुलानं पट्टी घेऊन मोजायचं, डोकं फरशीपासून किती वर थांबलं. एकेक रबर वाढवत चौदा रबरांना बाहुली फरशीच्या वीतभर वर थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मी भाचीला म्हटलं, "आता हिच्या कमरेला ही वाळूची पुडी बांध." तीच साखळी, तेच चौदा रबर. बाहुलीचं डोकं फरशीवर असं आपटलं की एक हात निखळून उडाला. वर्गात हशा पिकला. भाची हसली नाही.

पुढचा भाग मी मुद्दाम नंतर केला होता. तीच साखळी पंधरा दिवस वर्गाच्या खिडकीत उन्हात ठेवली. पुन्हा बाहुली सोडली, वजन न लावता. तिसऱ्या वेळेस साखळी मधोमध तुटली. जवळून बघितलं तर रबरावर बारीक भेगा. बंजीचा दोरही रबराच्या शेकडो बारीक धाग्यांचाच असतो. ऊन, उष्णता आणि वारंवार ताण यांनी तो म्हातारा होतो. म्हणून नीट चालणाऱ्या जागी प्रत्येक दोराच्या उड्या मोजल्या जातात, वहीत लिहिल्या जातात आणि ठरलेला आकडा झाला की दोर वरून चांगला दिसत असला तरी काढून टाकला जातो.

वजनाचं महत्त्व पण या बाहुलीनंच दाखवलं. दोर माणसाच्या वजनाप्रमाणे निवडतात. हलक्या दोरावर जड माणूस बसला तर तो ठरल्यापेक्षा खाली जातो. जड दोरावर हलकी मुलगी गेली तर दोर पुरेसा ताणत नाही आणि झटका जोरात बसतो. ऋषिकेशला ४० किलोच्या खाली आणि ११० च्या वर घेत नाहीत ते यासाठी. जिथं वजनकाट्यावर उभं करून, शक्यतो दोनदा, वजन केलं जातं आणि ते हातावर पेनानं लिहिलं जातं, तिथं काम समजतं असं धरायला हरकत नाही. जिथं "किती वजन, ताई?" एवढंच तोंडी विचारतात, तिथून परत फिरावं. कारण आपण खोटं सांगतो. मुली पाच किलो कमी सांगतात, मुलगे पाच वाढवून. लग्नाच्या स्थळांत हे खपून जातं, दोराला खपत नाही.

वेगाचंही एक साधं गणित फळ्यावर केलं. माणूस वीस मीटर मोकळा पडला, तर त्याला दोन सेकंद लागतात आणि वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास जातो. नेरळ-कर्जत रस्त्यावर एवढ्या वेगानं जाणारी दुचाकी डोळ्यांपुढे आणा. फक्त इथं ती सरळ खाली चाललेली आहे. हे थांबवणारं एकच साधन, तो दोर आणि तो बांधणाऱ्याचे हात.

उंचावरून उडी मारायची ही हौस नवी नाही. पॅसिफिक महासागरात वानुआतू देशात पेंटेकोस्ट नावाचं बेट आहे. तिथले पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून उड्या मारतात. वेल त्या ठरावीक महिन्यांतच लवचिक असते, म्हणून उड्याही त्याच हंगामात. १९७४ साली ब्रिटनच्या राणीच्या भेटीसाठी हंगाम नसताना उड्या ठेवल्या गेल्या. वेली तुटल्या आणि उडी मारणाऱ्याचा जीव गेला. पाहुण्यांसाठी नियम मोडला की काय होतं याचं याहून बोलकं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे १ एप्रिल १९७९ ला ऑक्सफर्डच्या काही तरुणांनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोरानं उड्या मारल्या, १९८७ साली ए. जे. हॅकेट या न्यूझीलंडच्या माणसानं पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून मारली आणि पोलिसांनी त्याला पकडलं. दुसऱ्याच वर्षी त्यानं आपल्या देशात कावाराउ नदीच्या पुलावर ४३ मीटरवर तिकीट लावून धंदा सुरू केला. आज जगभर हा खेळ चालतो आणि बहुतेक लोक हसत घरी जातात, हेही खरं आहे. पण २०११ च्या शेवटच्या दिवशी व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या पुलावरून उडी मारलेल्या एका ऑस्ट्रेलियन मुलीचा दोर तुटला आणि ती पाय बांधलेल्या अवस्थेत झांबेझी नदीत पडली. ती वाचली, हा अल्लाहचा फजल.

मला मात्र सगळ्यात जास्त हादरवलं ते स्पेनमधल्या एका घटनेनं, कारण तिथं दोरापेक्षा भाषेचा प्रश्न पुढे आला. २०१५ साली एक डच किशोरवयीन मुलगी पुलावर उभी होती. तिचा दोर अजून पुलाला बांधलेला नव्हता. शिकवणारा स्पॅनिश, त्याचं इंग्रजी कच्चं. पुढे न्यायालयात चर्चा झाली ती अशी, की तो इंग्रजीत 'उडी नको' म्हणाला आणि तिनं 'आता उडी' ऐकलं असावं. इंग्रजीत हे दोन शब्द, 'नो' आणि 'नाउ', किती जवळचे आहेत पाहा. मुलीनं उडी मारली.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. एका अक्षरानं अर्थ कसा फिरतो हे रोज फळ्यावर लिहिते. म्हणून माझा आग्रह असतो की दोरावर जाणाऱ्या माणसाला सूचना त्याच्या भाषेत मिळाव्यात आणि उडीचा इशारा एकच, आधी ठरलेला असावा. तीन-दोन-एक, आणि शेवटी हाताचा स्पर्श. तोंडी 'नाही', 'थांब', 'जा' असलं काही त्या क्षणी नकोच.

हे मी अनुभवानं बोलते. काही वर्षांपूर्वी आम्ही सहावी-सातवीची सहल कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर नेली होती. झिपलाइन होती. पालकांसाठी संमतीपत्र आलं ते तीन पानी, सगळं इंग्रजीत. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या अम्मी उर्दू वाचतात, थोड्या मराठी, इंग्रजी जवळजवळ कोणीच नाही. "मॅडमनी दिलंय ना, मग सही करा" एवढ्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीसुद्धा पूर्ण वाचलं नव्हतं, हे कबूल करते. तिथं हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, मोठ्या माणसांच्या मापाचे होते. एका बारीक मुलाला पट्टा आवळून आवळून बांधला, तरी तो कमरेवरून वर सरकत होता. मी बोलले तर तिथला मुलगा म्हणाला, "रोज शंभर पोरं जातात, टीचर." तो विद्यार्थी तारेच्या मधोमध अडकला. वजन कमी, म्हणून पुढे जायला वेगच नाही. वीस-पंचवीस मिनिटं लटकून होता. त्याला आणायला दुसऱ्या माणसाला तारेवरून जायचं होतं आणि दुसरा पट्टाच तयार नव्हता. अलहम्दुलिल्लाह, काही झालं नाही. पण त्या वीस मिनिटांत त्याच्या अम्मीला काय तोंड दाखवायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरी येऊन संमतीपत्र नीट वाचलं. त्यात लिहिलं होतं, मृत्यू किंवा दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.

अशा कागदावर सही केली म्हणून आयोजकाला निष्काळजीपणाची सूट मिळते असं नाही. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू होतं, सही असो वा नसो, आणि ग्राहक म्हणून दाद मागण्याचा हक्कही उरतो. पण कोर्टानं माणूस परत मिळत नाही, त्यामुळे हा आधार शेवटचा. आपला विमाही तपासून घ्यावा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळांतली दुखापत वगळलेली असते.

महाराष्ट्रात नियम नाहीत असं पुष्कळांना वाटतं. आहेत. हिमालयातल्या एका साहसी सहलीत मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, त्या पाठपुराव्यातून शासनाला नियमावली करावी लागली. २०१८ साली शासन निर्णय आला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रशिक्षित माणसं, साधनांची देखभाल, बचावाची तयारी, विमा हे सगळं त्यात येतं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाबरोबर साहसी सहल आयोजकांच्या संघटनेनं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बंजीचं वेगळं प्रकरणच आहे. तेव्हा "तुमचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवता का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. मी त्या फोटोवाल्या कॅम्पला विचारला. "मॅडम, ग्रामपंचायतीची परवानगी आहे ना," असं उत्तर आलं. दोन्ही एक नव्हेत.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात कर्जत-खालापूरचे धबधबे आणि धरणं यांच्या परिसरात प्रशासन मनाई आदेश काढतं. खोपोलीच्या झेनिथ धबधब्यावर वरून अचानक पाणी वाढून माणसं वाहून गेलेली आहेत. बंदी असताना कोणी "आमची ओळख आहे, चला" म्हणत असेल, तर तो दोरसुद्धा तसाच बांधणार. शिवाय विचारा, काही झालं तर दवाखाना कुठला? १०८ ची गाडी बोलावता येते, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. धबधब्यापासून रस्त्यापर्यंत झोळी करून आणायची, मग कर्जत, आणि मार मोठा असेल तर चौकमार्गे पनवेल. हे अंतर ज्यानं मनात मोजून ठेवलेलं नाही, त्याच्या हातात मूल देऊ नये.

आता आपल्या घरांत पहिला प्रश्न कपड्यांचा निघतो, म्हणून त्याबद्दल सरळ लिहिते. हार्नेसचे पट्टे दोन्ही मांड्यांभोवती घट्ट बसायला हवेत. अबाया किंवा बुरखा घालून ते होत नाही, आणि ढगळ कापडावरून बांधलेला पट्टा सैल राहतो. जाड, सैलसर पण न लोंबणारी ट्रॅकपँट, वर लांब बाह्यांचा कुर्ता आणि त्यावर चेन लावलेलं जॅकेट, हे झाकलेलंही राहतं आणि सुरक्षितही. उलटं लटकल्यावर कुर्ता वर सरकतो, तेव्हा तो आत खोचलेला हवा. दुपट्टा अजिबात नको. स्कार्फ चालतो, पण पिना न लावता, टोपीसारखा डोक्यावर बसणारा आणि टोकं आत खोचलेली. रॅपलिंगमध्ये तर दोर ज्या धातूच्या कडीतून सरकतो तिच्यात केस किंवा कापडाचं टोक अडकलं की माणूस अधांतरी अडकतो. पट्टे बांधायला बाई मिळेल का हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावं. आता बऱ्याच गटांत मुली शिकवायला असतात. बाई नसेल तर मुलीनं स्वतः पट्टे चढवावेत आणि शिकवणाऱ्यानं बकल ओढून तपासावं. तपासणी मात्र टाळायची नाही. आणि रोजा असेल त्या दिवशी यातलं काहीच नको. पोट रिकामं, अंगात पाणी कमी, वर उन्हाचा कडका. चक्कर यायला आणखी काय लागतं?

इतकं सगळं झाल्यावर आपाचा आवाज जरा खाली आला होता. गोव्याला सगळ्यांनी मिळून जायचं, मयेला भाचीनं उडी मारायची, आपानं बघायचं नाही, असं जवळजवळ ठरलं. मी तब्येतीची यादी वाचून दाखवत होते. रक्तदाब, हृदयाचा त्रास, फिट्स, पाठ-मानेचं दुखणं, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन. भाची प्रत्येकाला "नाही" म्हणत होती. मग 'डोळ्यांचे विकार' आले.

तिच्या चष्म्याचा नंबर वजा सात आहे. लग्नकार्यात ती लेन्स लावते म्हणून लोकांच्या लक्षातही येत नाही.

उलटं लटकताना रक्त डोक्याकडे धावतं आणि झटका बसतो तेव्हा डोळ्यातला दाब एकदम वाढतो. बंजीनंतर डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ज्यांचा वजा नंबर मोठा, त्यांचा डोळा लांबट झालेला असतो आणि पडदा ताणून पातळ झालेला. मी म्हटलं, "एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारू." भाची म्हणाली, "मी इमॅजिकाच्या रोलर कोस्टरवर तीनदा बसलेय, खाला." तरी गेलो.

कल्याणच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ प्रकाश पाडून पाहिलं. मग खुर्ची मागे घेऊन विचारलं, "कधी चमकल्यासारखं दिसतं? काळे ठिपके तरंगतात?" भाची म्हणाली, ठिपके तर कधीपासूनच आहेत, सगळ्यांनाच असतात ना? उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या कडेला पातळ पट्टा होता आणि त्यात एक बारीक छिद्र. त्याच आठवड्यात लेझर झालं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. बंजी कायमची बंद, रोलर कोस्टरही. रॅपलिंग? डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी तपासून सांगतो.

वाचकहो, तुमच्या घरात कोणाचा नंबर वजा पाच-सहाच्या पुढे असेल, तर उडी मारायची असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात तेव्हा हे दिसत नाही. आणि अचानक वीज चमकल्यासारखं दिसू लागलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेच्या कडेला पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भाची महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. "तुम्ही विचारलंच नसतंत तर मी मारलीही असती आणि काही झालंही नसतं," असं एकदा म्हणाली. कदाचित खरंही असेल. मी वाद घातला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आम्ही भिवपुरीच्या बाजूला गेलो. उडी मारायची नाही, घाईनं उतरायचं नाही, डोक्यावर हेल्मेट, या अटींवर. धबधब्याची धार करंगळीएवढी उरली होती, खडक जवळजवळ कोरडा. गट नोंदणी असलेला होता. पट्टे बांधायला बदलापूरची एक मुलगी होती. तिनं भाचीचा स्कार्फ स्वतः आत खोचून दिला. एक दोर उतरायला आणि दुसरा, वेगळ्या खुंटीला बांधलेला, जपण्यासाठी. पहिला चुकला तर दुसरा धरतो. खाली एक माणूस दोराचं टोक धरून उभा.

आपा बरोबर आली होती. खाली एका दगडावर डबा मांडीवर घेऊन बसली होती, पाठ कड्याकडे. थोड्या वेळानं उठून त्या खालच्या माणसाजवळ गेली आणि विचारलं, "भाऊ, हा दोर किती जुना?" मला वाटलं तो हसेल. त्यानं पिशवीतून एक चुरगळलेली वही काढून तिच्या हातात दिली. दोराचा नंबर, आणल्याची तारीख, कुठल्या दिवशी किती जण उतरले. आपा चष्मा चढवून एकेक ओळ बोटानं वाचू लागली.

वरून आवाज आला, "अम्मी, वर बघ ना!"

"थांब," आपा वहीतून डोकं न काढता म्हणाली, "अजून दोन पानं राहिलीत."